चॉकलेटच्या कुकीत शेंगा होळिगेचे हूरण

“मॅडम, अंडे न घालता चॉकलेटची कुकी होते का? आणि तीही आत चॉकलेट भरलेली?” दिवाळी जवळ आली की आमच्या स्टाफरूममध्ये हा प्रश्न हमखास येतो. मी शिकवते मराठी. पण घरी ओव्हन आहे आणि डब्यातून अधूनमधून काहीबाही नेते, एवढ्या भांडवलावर मला या विषयातली जाणकार ठरवण्यात आले आहे. उत्तर एका शब्दात द्यायचे तर, होते. चांगली होते. आणि खाणाऱ्याला सांगितले नाही तर कळतही नाही. (सांगावे मात्र जरूर. त्याविषयी पुढे लिहिणारच आहे.)

मुळात हा प्रश्न पडतो याचेच मला नवल वाटते. नानखटाई आपण पिढ्यान्‌पिढ्या खात आलो. मैदा, तूप, पिठीसाखर, हवे तर मूठभर बेसन किंवा रवा आणि वेलदोडा, संपली यादी. त्यात अंडे कुठे आहे? सुरतेच्या डच लोकांच्या बेकरीतून ती आली आणि तिथल्या दोटीवाला या पारशी घराण्याने ती रूढ केली, असे सांगतात. तिकडे स्कॉटलंडचे शॉर्टब्रेड बघा. एक भाग साखर, दोन भाग लोणी, तीन भाग पीठ. त्यातही अंडे नाही. तेव्हा बिनअंड्याची कुकी ही कुणाच्या सोवळ्यासाठी काढलेली पळवाट नव्हे, तो आपल्या जागी एक पूर्ण आणि जुना प्रकार आहे.

आमच्या लहानपणी दिवाळीच्या आधी घरोघरच्या बायका पीठ, तूप, साखर मोजून बेकरीत घेऊन जायच्या. भट्टीचा माणूस नानखटाई भाजून द्यायचा, आपण ट्रेवर नावाची चिठ्ठी ठेवायची आणि पाळीची वाट बघत बसायचे. त्या भट्टीच्या वासापुढे आजच्या कुठल्याही चॉकलेटची मात्रा चालत नाही, हे माझे प्रामाणिक मत. पण मुलींना चॉकलेट हवे असते. तेही कुकी मोडली की आतून ओघळणारे. तिथे नानखटाईचे शहाणपण अर्धेच उपयोगी पडते, आणि उरलेले अर्धे कुठून आणायचे हाच या लेखाचा विषय आहे.

आधी अंड्याचा हिशेब करून टाकू. कवच सोडले तर एक अंडे साधारण ५० ग्रॅमचे. त्यातले तीन चतुर्थांश पाणीच असते. उरलेल्यात सहा-एक ग्रॅम प्रथिने आणि पाच-एक ग्रॅम स्निग्धांश. स्पंज केकमध्ये हे अंडे फार मोठे काम करते. फेटल्यावर ते हवा धरून ठेवते आणि उष्णता लागली की घट्ट होऊन केकचा सांगाडा उभा करते. तिथे अंड्याला पर्याय शोधताना खरोखर डोके चालवावे लागते. कुकीला मात्र उंच उभे राहायचेच नसते. तिला लोणी आणि साखर बांधून ठेवतात, गार झाली की ती आपोआप घट्ट होते. म्हणजे कुकीतल्या अंड्याचे मुख्य काम काय, तर पिठाला थोडा ओलावा देणे आणि ते जुळून येईल असे करणे. हे काम दोन-तीन चमचे दूध करते. यासाठी कंडेन्स्ड मिल्कचा डबा फोडायची गरज नाही, त्याने कुकी चिकट होते. व्हिनेगर, सोडा, केळे यांचीही गरज नाही. केळे घातले की केळ्याचीच कुकी होते.

एक अपवाद सांगते. हल्ली मासिकांतून जवसाची पूड पाण्यात भिजवून ‘अंड्याऐवजी’ म्हणून वापरायला सांगतात, तेही फार मोठे गुपित असल्याच्या थाटात. आपल्या भागात अगसीची चटणी भाकरीबरोबर रोज खाणाऱ्यांना त्या पुडीचा बुळबुळीतपणा ठाऊक आहे. मैद्याऐवजी निम्मी कणीक घालणार असाल, तर एक लहान चमचा जवसाची पूड दोन चमचे दुधात भिजवून घाला. कणकेचे पीठ विस्कटते, ते त्याने जुळते. चॉकलेटच्या वासात जवसाचा वास दबतो. निव्वळ मैदा असेल तर तेही नको.

आता भरण्याकडे वळू. बाजारात मिळणाऱ्या भरलेल्या कुकीत आतले चॉकलेट आणि बाहेरचे पीठ यंत्रातून एकदमच, एकात एक अशा दोन नळ्यांतून बाहेर येते आणि कापले जाते. महत्त्वाचे म्हणजे त्या आतल्या भरणात पाणी जवळजवळ नसते. ते साखर, कोको आणि स्निग्ध पदार्थ यांचे असते. घरी करताना आपण काय करतो? चॉकलेट आणि क्रीम गरम करून ‘गनाश’ करतो किंवा सरळ जॅम भरतो. दोन्हींत पाणी आहे. ओव्हनमध्ये त्या पाण्याची वाफ होते, वाफेला वाट हवी असते आणि ती कुकी फोडून वाट काढते. ट्रेवर काळा ओघळ, कुकी पोकळ. लोक म्हणतात, अंडे नव्हते म्हणून फुटली. अंड्याचा तिथे काही संबंध नसतो. आतले पाणी हेच बहुतेक वेळा कारण असते.

ही गोष्ट आपल्याकडच्या बायकांना ओव्हन यायच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे. पुरण सैल राहिले की पोळी फुटते, हे सांगायला कुणी पुस्तक लिहावे लागले नाही. आणि दोन भाषांत वावरणाऱ्या आपल्या घरांत तर याचे शब्दही जोडीने नांदतात. आपण पुरण म्हणतो, कन्नडमध्ये हूरण. आपली पोळी, त्यांची होळिगे. आपली कणीक, त्यांचे कणक. जुन्या कन्नडमधला ‘प’ पुढच्या काळात ‘ह’ झाला. तमिळमध्ये दूध म्हणजे ‘पाल’, कन्नडमध्ये ‘हालु’. फूल तिकडे ‘पू’, इकडे ‘हूवु’. संस्कृतातून आलेले पुरणही याच वाटेने हूरण झाले. वर्गात हे सांगितले की विद्यार्थी वहीत उतरवून घेतात. घरात सांगितले तर “मग पोळी कधी होणार?” असे विचारतात.

माझे सासर बैलहोंगलकडचे, घरात कन्नड. माहेर शहापूरचे, तिथे मराठी. माहेरी रविवारी अंड्याचे कालवण, सासरी अंडे उंबऱ्याच्या आत येत नाही. वीस वर्षांत दोन्हीकडचे कुणी कुणाला बदलायला गेले नाही आणि कुणाचे काही अडले नाही. अडायचे ते फक्त एका दिवशी, मुलीच्या वाढदिवसाला. केक यायचा, मेणबत्त्या विझायच्या, आणि आमच्या अत्तींच्या बशीत चिवडा आणि पेढा. बेकरीवाल्याने एगलेस म्हणून लिहून दिले तरी त्या हात लावत नसत. “यारिगे गोत्तु?” एवढेच म्हणत. कुणाला ठाऊक! त्यांचा आवाज कधी चढला नाही, त्यांनी तोंड वाकडे केले नाही. उलट नातीचे कौतुक करून त्या शांतपणे चिवडा खात. मुलगी लहान होती तोवर तिच्या ते लक्षात आले नाही. आठवीत गेल्यावर मात्र तिने एकदा विचारले, “आई, अज्जी दर वर्षी माझ्या वाढदिवसाला पाहुण्यासारखी का बसते?”

या प्रश्नाला मी काय उत्तर देणार? अत्तींचा नियम चुकीचा आहे असे मला वाटत नाही. बेकरीवाल्यावरचा त्यांचा अविश्वास मात्र एका गोष्टीने जाण्यासारखा होता. पदार्थ त्यांच्या डोळ्यांसमोर आणि शक्य तर त्यांच्या हाताने व्हायला हवा. म्हणून त्या वर्षी केक बाजूला ठेवला आणि भरलेल्या कुकी करायच्या ठरल्या. पुरण कशाचे, हे अत्तींनीच ठरवले. मी चॉकलेट आणि क्रीमचे सांगत होते. त्यांनी क्रीमची पिशवी हातात घेऊन हलवून पाहिली आणि म्हणाल्या, “हूरण गट्टि इरबेकु.” पुरण घट्टच हवे. मग स्वतःच उठून शेंगदाण्याचा डबा काढला.

त्यांच्या डोक्यात शेंगा होळिगे होती, हे उत्तर कर्नाटकात राहणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. भाजलेल्या शेंगदाण्यांचे कूट आणि गूळ, त्यात पाण्याचा अंश नाही. पुरणपोळी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आंबते, शेंगा होळिगे आठवडाभर टिकते, प्रवासात बांधून नेता येते. कारखान्यातल्या यंत्राने जे साधले जाते तेच हे कूट साधते. ते उकळत नाही, त्याची वाफ होत नाही, त्यामुळे कुकी फुटत नाही. शिवाय शेंगदाणा आणि चॉकलेट यांची जोडी जगभर लोकप्रिय आहेच. आपल्याकडे त्यासाठी परदेशी हेझलनटची महाग बाटली आणायची गरज नाही, रविवार पेठेतले शेंगदाणे पुरतात.

आता कृती. हे प्रमाण १६ कुकींचे आहे. पुरणासाठी ७५ ग्रॅम शेंगदाणे, ७५ ग्रॅम डार्क चॉकलेट, दोन मोठे चमचे पिठीसाखर आणि चिमूटभर मीठ. पारीसाठी १४० ग्रॅम मैदा, एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर, २५ ग्रॅम कोको पावडर, अर्धा लहान चमचा बेकिंग पावडर, १०० ग्रॅम लोणी, ९० ग्रॅम पिठीसाखर आणि दोन ते तीन मोठे चमचे दूध. लोणी खारे असेल तर पिठात वेगळे मीठ नको. वजनकाटा नसेल तर घ्या, ही माझी आग्रहाची विनंती. वाटीच्या मापाने चकली जमते, कुकी जमेलच असे नाही.

पुरण आदल्या दिवशी केले तर उत्तम. शेंगदाणे मंद आचेवर सावकाश भाजा, गार करून सालं काढा आणि मिक्सरला लावा. आधी कूट होईल, मग ते कडेला चिकटेल. भांडे बंद करून चमच्याने खाली ढकला आणि पुन्हा फिरवा. चार-पाच मिनिटांत तेल सुटून मऊ लगदा होतो. मिक्सर तापला तर मध्ये थांबा. चॉकलेट गरम पाण्यावरच्या भांड्यात वितळवून घ्या. भांडे आणि चमचा कोरडा ठक्क हवा, पाण्याचा थेंब पडला की चॉकलेटचा दाणेदार गोळा होतो. सगळे एकत्र करून वीस मिनिटे फ्रीजमध्ये ठेवा, १६ लहान गोळ्या वळा आणि तासभर फ्रीजरमध्ये दगडासारख्या होऊ द्या. हा तास चुकवू नका. कुकी बारा मिनिटे भट्टीत असते. बाहेरची पारी सेट होईपर्यंत आतली गोळी वितळून जाऊ नये, यासाठी हा सगळा खटाटोप.

पारीसाठी लोणी मऊ हवे, पातळ नको. ते पिठीसाखरेबरोबर दोन-तीन मिनिटे फेसा, त्याहून जास्त नको. फार हवा शिरली तर कुकी पसरते आणि तडकते. मैदा, कॉर्नफ्लोअर, कोको, बेकिंग पावडर दोनदा चाळून त्यात मिसळा. बोटांनी गोळा करत आणा, कणकेसारखे मळू नका. मळले की मैद्याला चिवटपणा येतो. मग एक-एक चमचा करून दूध. इथेच नानखटाईचे आणि या कुकीचे रस्ते वेगळे होतात. नानखटाईला वरून भेगा पडल्या तर ते तिचे सौंदर्य. भरलेल्या कुकीला भेग पडली तर पुरण बाहेर. म्हणून पीठ जरा लवचीक हवे. एक गोळी तळहातावर दाबून बघा. कडा फाटल्या तर आणखी अर्धा चमचा दूध, फाटल्या नाहीत तर पुरे. लोण्याऐवजी तूप घालायचे असेल तर ८० ग्रॅम घ्या आणि दूध चमचाभर वाढवा, कारण लोण्यात सोळा-सतरा टक्के पाणी असते, तुपात जवळजवळ नसतेच. तुपाची कुकी जास्त खुसखुशीत होते, पण भरायला अवघड. नवख्यांनी लोणीच घ्यावे.

पीठ वीस मिनिटे फ्रीजमध्ये ठेवून मग साधारण २५-२५ ग्रॅमचे गोळे करा. मोदकाची पारी करणाऱ्यांना पुढचे सांगायला नकोच. मधे जाड, कडेला पातळ अशी पारी केली तर तोंड बंद करताना सगळीकडे सारखी जाडी राहते. गोळी ठेवा, तोंड नीट मिटवा, मिटलेली बाजू खाली ठेवून हलकेच दाबा. फार चपटे करू नका. आमच्याकडे हे काम अत्तींनी केले, कडबू वळणाऱ्या हाताने. १६ पैकी एकही फुटली नाही.

ओव्हन आधी तापवून १७५ अंशांवर मधल्या कप्प्यात बारा मिनिटे. चॉकलेटच्या कुकीचा रंग आधीच गडद, त्यामुळे ‘सोनेरी होईपर्यंत’ ही नेहमीची खूण इथे चालत नाही. कडेला बोट लावून घट्ट लागली, मधे मऊ लागली आणि चॉकलेटचा वास स्वयंपाकघराबाहेर पोहोचला की काढा. मऊ आहे म्हणून पुन्हा आत ढकलू नका. दहा मिनिटे ट्रेवरच राहू द्या, गार होताना ती घट्ट होते. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या कढईत दोन वाट्या मीठ पसरून त्यावर रिंग ठेवा, झाकण लावून दहा मिनिटे मध्यम आचेवर तापवा आणि मग ताटलीत कुकी मांडून मंद आचेवर पंधरा ते अठरा मिनिटे ठेवा. एका वेळी पाच-सहाच मावतात, पण चव तीच.

कोकोबद्दल थोडे. फिकट तपकिरी कोको थोडा आंबट असतो, काळपट कोकोची आंबट चव अल्कली वापरून काढलेली असते. पाकिटावरच्या घटकांत ५०० किंवा ५०१ हा आकडा दिसला तर तो दुसऱ्या प्रकारचा. सोड्याला आंबटपणा लागतो, म्हणून कुठल्याही कोकोत चालावे यासाठी मी बेकिंग पावडरच सांगितली आहे. चॉकलेट घेताना ‘कंपाउंड’ आहे का ते बघा. त्यात कोको बटरऐवजी दुसरे वनस्पती तेल असते. स्वस्त पडते, उन्हाळ्यात लवकर वितळत नाही, पण खरे चॉकलेट तोंडात ज्या सहजतेने विरघळते तसे ते विरघळत नाही. वाढदिवसाला खरे आणा.

आणि आता ती सांगण्याची गोष्ट. आपल्या देशात अंडे घातलेला पदार्थ पाकिटावर मांसाहारी म्हणूनच दाखवावा लागतो. हिरवा ठिपका शाकाहाराचा, आणि पूर्वीच्या तपकिरी ठिपक्याच्या जागी आता तपकिरी त्रिकोण आला आहे, रंग ओळखता न येणाऱ्यांनाही कळावे म्हणून. घरच्या डब्यावर असा ठिपका नसतो, तिथे आपला शब्दच असतो. माझ्या मुलीच्या वर्गातल्या एका मुलाला अंड्याची ॲलर्जी आहे. वाढदिवसाला तो स्वतःचा डबा घेऊन येतो. दुसरी मैत्रीण जैन, तीही विचारल्याशिवाय खात नाही. पहिल्याचा प्रश्न प्रकृतीचा, दुसरीचा श्रद्धेचा, पण उत्तर दोघांनाही खरेच मिळाले पाहिजे. तुमच्या घरी अंड्याचा केक होत असेल तर ट्रे, फेटायचे भांडे, ब्रश स्वच्छ घासून घ्या. ॲलर्जीच्या मुलासाठी तर वेगळीच भांडी ठेवा आणि त्याच्या आईला आधी फोन करा. शेंगदाण्याचीही ॲलर्जी असते, म्हणून आत काय भरले आहे तेही सांगा. मी माझ्या माहेरचा ट्रे सासरी आणत नाही. अत्तींनी तसे कधी म्हटलेले नाही, पण मी आणत नाही.

त्या वाढदिवसाला अत्तींनी पहिली कुकी मोडून आत बघितले, मग खाल्ली. “साखर कमी चालली असती,” हा त्यांचा शेरा. दुसरी मात्र त्यांनी मागून घेतली. माझ्या आईचे मत विचाराल तर तिला नानखटाईच बरी वाटते.

या कुकी घट्ट झाकणाच्या डब्यात दहा दिवस टिकतात. बेळगावच्या पावसाळ्यात हवेतला दमटपणा शोषून मऊ पडतात, तेव्हा १५० अंशांवर चार मिनिटे गरम करून गार करा. क्रीमचे गनाशच भरायचे असेल तर चॉकलेट क्रीमच्या दुप्पट घ्या, गोळ्या गोठवून भरा आणि कुकी फ्रीजमध्ये ठेवून चार-पाच दिवसांत संपवा. कुंदा भरून बघायचा मोह आपल्या गावात कुणालाही होईल. तो आधी तव्यावर मंद आचेवर परतून कोरडा करावा लागतो आणि त्या कुकी दोन दिवसांच्या आत खाव्या लागतात. दिवाळीच्या गडबडीत सोयीचे म्हणजे भरलेले कच्चे गोळेच डब्यात घालून फ्रीजरमध्ये ठेवायचे, महिनाभर राहतात. पाहुणे आले की हवे तेवढे काढून, न वितळवता, दोन मिनिटे जास्त भाजायचे.